खिडकीकडचा गाल

बाथरूमच्या कपाटात सनस्क्रीनच्या इतक्या ट्यूबा साठल्या होत्या की एखाद्या पाहुण्याने कपाट उघडलं असतं तर त्याला वाटलं असतं, या घरात कुणी नटी राहते. राहते मी, आणि मी गाडी चालवायला शिकवते. शिकणाऱ्याच्या शेजारच्या सीटवर बसायचं, आपल्या बाजूच्या वेगळ्या ब्रेकवर पाय ठेवायचा आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत दुसऱ्यांच्या चुका वेळेत थांबवायच्या, हा माझा धंदा. या धंद्यात चेहऱ्याकडे कुणी बघत नाही. सगळे समोरचा रस्ता बघतात, निदान मी तरी तशी आशा करते.

ती सीट आधी बाबांची होती. ड्रायव्हिंग स्कूल त्यांनीच काढलं. एक गाडी, तिच्या छपरावर पाटी, रस्त्याला लागून एक खोली, खोलीत टेबल आणि भिंतीवर वाहतुकीच्या चिन्हांचा तक्ता. उमेदीची सगळी वर्षं ते त्या खिडकीशी बसले आणि खिडकीकडच्या कानावर त्यांना एक खपली धरली. "उकरू नका, जाईल आपोआप," असं आम्ही सगळेच म्हणत राहिलो. ती गेली नाही. तो उन्हाने झालेला कातडीचा कॅन्सर निघाला; शेवटी कानाची वरची कड कापावी लागली, आणि तेव्हापासून त्यांचा चष्मा त्या बाजूला सारखा घसरतो. ते म्हणतात, "बरं झालं, आता एका कानाने कमी ऐकलं तरी चालतं."

मी त्यावर हसायची. मग माझ्याच खिडकीकडच्या गालावर, डोळ्याच्या जरा खाली, एक खरखरीत डाग उठला आणि माझं हसू आटपलं.

डॉक्टरबाईंनी तो काढला आणि तपासायला पाठवला. निकाल येईपर्यंतचे दिवस कसे गेले ते माझं मला माहीत. शिकणारा चौकात गाडी बंद पाडायचा, मागून हॉर्नचा गलका व्हायचा आणि माझ्या डोक्यात बाबांचा कान. शेवटी डॉक्टरबाई म्हणाल्या, "या वेळी काही वाईट निघालं नाही." एवढं ऐकल्यावर माणसाने आनंदाने घरी जावं. मी मात्र त्यातलं "या वेळी" तेवढं घेऊन घरी आले.

"आता रोज सनस्क्रीन लावायचं," त्या म्हणाल्या होत्या. "नुसतं टिकलीएवढं नाही, दोन बोटं भरून. मान, कान, सगळं. बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. हे जमणार नसेल तर ती खिडकीची सीट सोडा." गोळी जेवणानंतर घ्या, अशा सुरात त्यांनी हे सांगितलं.

सीट सोडायची म्हणजे काय सोडायचं हे त्यांना कोण सांगणार? टेबलाशी बसून फोन घेणं मला जमत नाही, मी फोनवर भांडते. मला ती सीटच हवी. घाबरून घामाघूम झालेलं माणूस माझ्या शेजारी येऊन बसतं, आणि काही आठवड्यांनी तेच माणूस गिअर टाकता टाकता माझ्याशी शेजाऱ्यांच्या चहाड्या करतं, हे बघायला मला मनापासून आवडतं. तिथून उतरायचं तर माझ्या मर्जीने उतरेन, असं मी ठरवून टाकलं होतं.

ठरवलं मी, पण लावून घ्यायचं होतं माझ्या कातडीला, आणि ती लहानपणापासून तुसडी. साबण बदलला की पुरळ, टॉवेल नवा असला की लाली. आई म्हणायची, "हिच्या अंगाला वारासुद्धा विचारून लागला पाहिजे."

पहिली ट्यूब मी औषधांच्या दुकानातून वरचं फुलाचं चित्र बघून घेतली. संध्याकाळपर्यंत तोंडाचा टोमॅटो झाला. डॉक्टरबाईंना फोन केला.

"वासाची घेतलीत ना?"

"हो."

"वासाची नको. झिंकवालं घ्या, ते सहसा सोसतं. आणि एकदम तोंडाला फासू नका. आधी काही दिवस कानामागे लावून बघा."

त्याच आठवड्यात बाबांनीही आपला तपास लावला. "क्रीमचं राहू दे," ते म्हणाले. "ते स्टिअरिंग बघ. नाही नाही त्यांचे घामट हात लागतात त्याला. मग तूच ते धरतेस आणि तोच हात तोंडाला लावतेस."

बाबांपासून आमच्याकडे एक रीत आहे. एक शिकणारा उतरला की दुसरा बसायच्या आत, त्याच्या डोळ्यांदेखत, स्टिअरिंग आणि गिअरचा दांडा पुसून द्यायचा. समोरच्याला बरं वाटतं, आणि घाबरलेल्याला बरं वाटणं ही अर्धी शिकवणी. बाबा हे ओल्या फडक्याने करायचे, मीही तसंच करत आले होते. आता त्यांनी निळ्या झाकणाचा डबा आणला, दवाखान्यात टेबलं पुसतात तसल्या, कडक औषधात भिजवलेल्या वाइप्सचा. "स्टिअरिंग पूस, दांडा पूस, लगेच स्वतःचे हात पूस. मग लाव काय लावायचं ते." म्हाताऱ्या माणसाने एवढी काळजी केल्यावर वाद कोण घालणार? डबा दाराच्या खिशात बसला आणि तिथलाच झाला.

दुसरी ट्यूब बिनवासाची, झिंकची. मला सुट्टी रविवारी, म्हणून प्रयोगही रविवारीच. एका रविवारी कानामागे लावली, काही झालं नाही. पुढच्या रविवारी अख्ख्या चेहऱ्याला लावून गच्चीत बसले, तरी काही नाही. सोमवारी मी खुशीत लावून निघाले. दुपारी पुन्हा लावलं आणि पापण्या चुरचुरायला लागल्या, संध्याकाळी सुजून आल्या. तिसरी ट्यूब लहान मुलांची होती. तिचीही तीच गत. चौथी इतकी घट्ट आणि पांढरी की एका शिकाऊ गृहस्थांनी गंभीरपणे विचारलं, "मॅडम, घरात रंगकाम काढलंय का?" तीसुद्धा रविवारी गाय आणि सोमवारी वाघ.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. माझं तर खरोखरच तोंड पोळत होतं. लावावं तर आग, न लावावं तर तो कान. सकाळी आरशासमोर उभी राहून मी खिडकीकडचा गाल तपासायची. कालचा ठिपका मोठा झालाय का? व्रण लाल आहे की मलाच तसा दिसतोय? गाडीतही मधला आरसा स्वतःकडे वळवून बघायची सवय लागली. शिकणाऱ्याला वाटायचं मागून काहीतरी येतंय, आणि तो उगाचच गाडी बाजूला घ्यायचा.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "घाम असेल, ऊन असेल, गाडीतली कोरडी हवा असेल. थोडे दिवस उन्हात बसणं बंद ठेवा, मग एकेक करून बघू." म्हणजे फिरून गाडी त्याच थांब्यावर.

तरी मी तग धरून होते. ज्या दिवशी धीर सुटला त्या दिवशी शेजारी ग्रंथपालबाई होत्या.

या बाई एका वाचनालयात ग्रंथपाल. निवृत्तीला आल्या होत्या आणि गाडी शिकायची ही त्यांची एकुलती एक हौस. जन्मभर लोकांना हळू बोला म्हणत आल्यामुळे हॉर्नसुद्धा कुणाची झोप मोडणार नाही अशा बेताने दाबायच्या. गाडी बंद पडली की त्यांचं एकच म्हणणं, "आज हिला बरं वाटत नाहीये." मग मी माझं नेहमीचं वाक्य म्हणायची, जे मी सगळ्यांनाच म्हणते आणि माझ्या आधी बाबा म्हणायचे: "गाडीला नंतर बोलू, आधी आपले पाय बघू." दहातल्या नऊ वेळा क्लचवरचा पाय झटक्यात सुटलेला असतो.

त्या दिवशी आधीचे गृहस्थ उतरले, मी रीतीप्रमाणे सगळं पुसलं, हात पुसले, दोन तास होऊन गेले होते म्हणून सनस्क्रीन लावलं. ग्रंथपालबाई बसल्या आणि आम्ही निघालो. मोठा चौक यायच्या सुमाराला गालाला आग लागली. ती डोळ्यात चढली. मी डोळे मिचकावले, चोळले, तर आणखीच पेटले. समोरचा सिग्नल लाल की हिरवा ते दिसेना, नुसता पाण्यात विरघळलेला एक ठिपका. शेजारी एक नवशिकी बाई सगळा भरवसा माझ्यावर टाकून गाडी पुढे नेत होती, आणि मला काही दिसत नव्हतं. मी जीव खाऊन ब्रेक दाबला.

मागच्या गाडीने करकचून थांबून हॉर्न दिला. ग्रंथपालबाईंचा चेहरा उतरला. "मॅडम, काय चुकलं माझं?"

त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. सिग्नल हिरवा होता, वेग बरोबर होता. "काही नाही," मी म्हटलं, "सावध आहात का बघत होते." हे बोलताना मला माझीच लाज वाटली, आणि लाजेपेक्षा भीती जास्त. न दिसताच ब्रेक मारला म्हणून निभावलं. न दिसताच मारायचा राहून गेला असता तर?

घरी येऊन मी बाबांना सांगितलं, "सीटवर दुसरा माणूस बघा. मी टेबलाशी बसते."

त्यांनी कारण विचारलं नाही. माझे डोळे बघितले, उठून आत गेले आणि पाण्याचा तांब्या घेऊन आले. दोन दिवसांत माणूस मिळाला. अनुभवी होता, बोलायला बरा होता, त्याच्याविरुद्ध बोलायला मला काही सापडेना याचाही राग आला. तो सोमवारपासून येणार होता. माझा शेवटचा दिवस शुक्रवार, ग्रंथपालबाईंच्या लायसन्सच्या चाचणीचा.

चाचणीच्या मैदानावर सावली म्हणाल तर एक पत्र्याची शेड, आणि तिच्यात आधीच माणसं खच्चून भरलेली. चाचणीच्या वेळी परीक्षक माझ्या सीटवर बसतो, म्हणजे मला बाहेर उन्हात उभं राहायचं होतं. परीक्षकांनी आधी बॉनेट उघडून ऑइल दाखवायला सांगितलं. ग्रंथपालबाईंनी ऑइल मोजायची पट्टी बाहेर काढली खरी, पण इतक्या झटक्यात की ऑइलचे थेंब माझ्या मनगटापर्यंत आले. मग दोघं गाडीत बसले, दार लागलं, आणि दाराच्या खिशातल्या निळ्या डब्यासकट माझी गाडी निघून गेली.

मी कोपऱ्यातल्या नळावर गेले. तिथे साबणाचा एक चपटा तुकडा होता, त्याने हात खसाखसा धुतले, पदर नव्हता म्हणून ओढणीला पुसले. ट्यूब खांद्याच्या पिशवीत होती. लावावी का? ऊन तोंडावर येत होतं, व्रण तापल्यासारखा वाटत होता. आज शेवटचा दिवस, आणखी एकदा पोळलं तर काय मोठं? मी दोन बोटं भरून घेतलं आणि लावलं. मग आग लागायची वाट बघत उभी राहिले.

समोर ग्रंथपालबाई आठाच्या वळणावर शिरल्या. मी आपोआप पाय दाबला, खाली नुसती माती. त्या खांबाजवळून गेल्या, पण लागल्या नाहीत. चढावर गाडी थांबवून पुन्हा उचलायची होती. गाडी किंचित मागे सरकली, मग पुढे निघाली. एवढं सगळं झालं तरी माझ्या गालाला काहीच होत नव्हतं. मी बोटाने चाचपून बघितलं. थंड. मला बरं वाटायच्या ऐवजी धसकाच बसला. म्हटलं, आता हे कधी पेटणार?

ग्रंथपालबाई पास झाल्या. परीक्षक उतरताना म्हणाले, "हॉर्न जरा जोरात वाजवत जा." बाईंनी मान डोलावली, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "घरापर्यंत मीच चालवते," त्या म्हणाल्या.

मी माझ्या जागेवर बसले. परीक्षकांचे हात लागले होते म्हणून डबा उघडला, डॅशबोर्ड पुसला, दांडा पुसला, आपले हात पुसले. कपाळावर घाम आला होता, तो बोटांनी निपटला आणि डोळ्याची कड चोळली. दुसऱ्या सिग्नलपर्यंत आग लागलेली होती. पापणीपासून गालापर्यंत, तीच ओळखीची.

"बाजूला घ्या," मी म्हटलं. त्यांनी आरसा बघून, इशारा देऊन, अगदी पुस्तकात लिहिल्यासारखी गाडी बाजूला घेतली. मी पिशवीतून ट्यूब काढली आणि खिडकीची काच खाली करायला लागले. रस्त्यावर कचरा टाकणाऱ्यांना मी सात पिढ्यांवरून बोलते, पण त्या क्षणी मला ती ट्यूब कुठल्या तरी चाकाखाली जायला हवी होती. "मेली ही क्रीमं," मी म्हटलं. "एकजात सगळी नालायक."

ग्रंथपालबाई वाचनालयातल्या आवाजात म्हणाल्या, "मॅडम, गाडीला नंतर बोलू ना."

नुकत्याच पास झालेल्या माणसाला चेव चढतो, तसा त्यांना चढला असावा. त्यांना पुढचं काहीच माहीत नव्हतं, त्या नुसतं मला हसवायला बघत होत्या. पण माझा हात काचेवरच थांबला. पाय बघू. माझे पाय कुठे होते? माझे तर हात होते. मी ते नाकाशी नेले. त्यांना दवाखान्याचा वास येत होता.

मग एकेक करून लागत गेलं. रविवारी मी गाडीत बसत नाही, म्हणून रविवारी पुसत नाही. सकाळी घरून लावून निघते तेव्हा हात नळाखाली धुतलेले असतात. दुपारी लावते तेव्हा आधी पुसलेले असतात. आज मैदानावर साबणाने धुतले आणि तीच ट्यूब निमूट बसली. तळहाताची कातडी जाड, तिला काही कळत नव्हतं. ती तो कडक अर्क बोटांवर घेऊन थेट पापणीपर्यंत पोचवत होती, आणि मी चोर सोडून संन्याशाला फाशी देत होते. पहिली ट्यूब खरोखर चोर निघाली, म्हणून पुढच्या सगळ्या मी चोरच धरल्या.

खात्री करायला मी एक वाइप काढून कोपराच्या आतल्या बाजूला टेकवलं. बघता बघता तिथे लाल चट्टा दिसायला लागला.

"बाटलीतलं पाणी ओता हातावर," मी म्हटलं. त्यांनी दार उघडून रस्त्याच्या कडेला माझे हात धुतले, मग तोंडही. दिवसाढवळ्या एक ग्रंथपाल आणि एक मास्तरीण पदपथावर हे करत होत्या, लोक वळून बघत होते, आणि मी रडत होते. ते आगीमुळे नव्हतं. उरलेला रस्ता मी त्या सीटवर डोळे मिटून बसून आले. गाडी त्यांनी चालवली. पाय मात्र माझा ब्रेकवरच होता.

रस्ताभर मला बाबांचा राग येत होता. त्यांचा डबा, त्यांचा तपास, त्यांचं "लगेच स्वतःचे हात पूस". त्यांना कसं आणि काय बोलायचं ते मी जुळवत आले. खोलीत शिरले तर टेबलावर नव्या माणसासाठी गाडीची दुसरी किल्ली काढून ठेवलेली, आणि तिच्या शेजारी निळ्या झाकणाचे आणखी डबे. बाबा एकावर एक रचत होते.

"तुझ्यासाठी," ते म्हणाले. "टेबलाशी बसलीस तरी फोनला लोकांचे हात लागतात."

माझं सगळं जुळवलेलं विसरलं. मी नुसतं काय झालं ते सांगितलं, आणि कोपराचा चट्टा दाखवला. त्यांनी चष्मा सावरून तो बराच वेळ बघितला. मग हातातला डबा खाली ठेवला.

"म्हणजे मीच जाळलं तुझं तोंड."

"तुम्ही बरोबरच होतात, बाबा. हातच होते. फक्त घाम नव्हता."

"मला तुझ्या गालाची भीती वाटत होती गं," ते म्हणाले. "मला वाटलं, आपण काहीतरी केलं पाहिजे." एवढा मोठा माणूस खुर्चीत एकदम लहान दिसायला लागला. माझा राग कुठे गेला ते मला कळलंही नाही.

मी डॉक्टरबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "शक्य आहे. फार शक्य आहे. आधी चट्टा पूर्ण बसू द्या, वाइप्स बंद, साबण-पाणी. मग तीच ट्यूब लावा आणि आठवडाभराने मला चेहरा दाखवा." म्हणजे खात्री अजून नव्हती. "या वेळी" अजून माझ्या डोक्यातून गेलं नव्हतं, बहुधा जाणारही नाही. पण बाबांनी किल्ली उचलून खिशात टाकली आणि नव्या माणसाला फोन लावून सांगितलं, की आठवडाभर थांब, आमच्याकडे जरा तपासणी चालू आहे.

मग मी विचारलं, जे मला कधीपासून विचारायचं होतं. "तुम्हाला डॉक्टरांनी कानाला लावायला सांगितलं होतं ना? तुम्ही का नाही लावत?"

ते तक्त्याकडे बघत राहिले. "तुझं तोंड बघत होतो रोज," ते म्हणाले. "धीर झाला नाही."

मी पिशवीतून ट्यूब काढली. त्यांनी चष्मा उतरवला, डोळे घट्ट मिटले आणि तो कापलेला कान माझ्यापुढे केला. मी बोटावर क्रीम घेतलं. कान हळूच मागे सरकला.

"हात धुतलेस का?" त्यांनी विचारलं.

मी धुतले होते. तरी उठले आणि पुन्हा धुऊन आले.